प्रत्येकीचं वेगळं पत्र

साळवे बाईंना ‘लक्ष घालावे’ या दोन शब्दांचा भयंकर राग होता. अर्जात, निवेदनात, कुठंही ते दिसले की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि लिहिणाऱ्याला विचारायच्या, “लक्ष घालून काय होतं रे? विहिरीत डोकावलं म्हणून पाणी वर येतं का? त्यानं काय करायला हवंय ते लिही. एक क्रियापद दे त्याला.”

हे त्या मला नववीत असताना म्हणाल्या होत्या आणि मी पन्नाशीला टेकलो तेव्हाही म्हणाल्या. मधल्या काळात मी आमच्या भागाच्या आमदारांचा स्वीय सहाय्यक झालो आणि दिवसाला ढीगभर उत्तरांखाली ‘योग्य ते लक्ष घालण्यात येईल’ असं टाइप करू लागलो. बाईंना ते माहीत होतं. त्यावरून त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, हे आता जास्त टोचतं.

आमची शाळा पाथर्डीच्या पूर्वेला, वसतिगृहाची. दिवाळी झाली की आमचे आईबाप ऊस तोडायला जायचे आणि आम्ही मागे राहायचो. बाई श्रीरामपूरच्या, ख्रिस्ती घरातल्या. मराठी शिकवायच्या. आमच्या मुलखात नोकरीला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. लग्न केलं नाही. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा पेंगणारा पोरगा दचकून वही उघडायचा. फिक्या रंगाच्या सुती साड्या, पायात पुरुषी चपला आणि पर्समध्ये कायम पोस्टाची पाकिटं. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं रडगाणं सुरू केलं की त्या पाकीट काढायच्या. “मला सांगून काय उपयोग? ज्याच्या हातात आहे त्याला सांगू या.”

पुस्तकात पत्रलेखनाचा धडा होता. त्यात ‘अ. ब. क.’ नावाचा विद्यार्थी मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज करायचा. बाईंनी तो धडा कधी शिकवलाच नाही. म्हणाल्या, “या अ. ब. क. ला गाव नाही, घर नाही, मोठा झाल्यावर मत नाही. त्याचं पत्र कोण वाचणार?” त्याऐवजी त्यांनी आम्हाला खऱ्या माणसाला पत्र लिहायला लावलं. मुलींच्या संडासाला दार नव्हतं. आमच्या गटातून निवडून आलेले जिल्हा परिषदेचे सदस्य होते, त्यांना सगळ्या वर्गानं लिहायचं. फळ्यावर मजकूर द्या, आम्ही उतरवून घेतो, असं आम्ही म्हणालो. बाईंनी खडूच खाली ठेवला.

“पन्नास कागदांवर एकच मजकूर असला तर तो एकच माणूस बोलतोय असं समजतात. आणि तो माणूस मी आहे असं समजतील. ज्याचं त्यानं लिहा. एक पान. एकच गोष्ट. तुम्ही जे पाहिलंय तेवढंच.”

सदस्य जीप घेऊन आले. वर्गात शिरले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, “कुणी फितवलं रं पोरांना?”

पुढच्या बाकावरून कांता उठली. काटकुळी, दोन वेण्या, वर्गात सगळ्यांत मोठ्यानं बोलणारी. म्हणाली, “फितवलं न्हाई. दार न्हाई म्हनून लिवलं.”

दार बसलं. बाईंनी लगेच दुसरं पत्र लिहायला लावलं, आभाराचं. कांता फणकारली, “त्यांचंच काम हुतं की बाई! त्याचे आभार कशाला?”

“काम करून घेणाऱ्यानं ओळख ठेवायची असते,” बाई म्हणाल्या. “भांडण झालं की जशी ठेवतेस, तशीच.”

कांताचं पुढच्या वर्षी लग्न झालं आणि ती कोयत्यावर गेली. आमच्याकडे असंच म्हणतात. ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची ती कोयत्याच्या हिशोबानं, कागदावर अंगठा नवऱ्याचा. बाई भल्या पहाटे उठते, तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, रात्री भाकरी थापते, पण कागदावर ती नवऱ्याच्या नावात असते. यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. माझी आई तशीच होती. पावसाळ्यात ओट्यावर दोन माणसं भेटली की विचारायची, “औंदा किती कोयते निघाले तुमच्या वाडीतनं?” आणि उत्तरात माणसं अर्धीच मोजली जायची.

निवृत्त झाल्यावर बाई श्रीरामपूरला परत गेल्या. पण तिथंही आमची माणसं त्यांना भेटत राहिली, कारण हिवाळ्यात आमच्याकडच्या टोळ्या तिकडच्याच उसात उतरायच्या. संध्याकाळी बाई टोळ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, कोप्यांवर, चक्कर मारायच्या. कुणी शिकवलेलं, कुणी शिकवलेल्याची बायको, कुणी पोरगी. कांता तर दर हंगामाला.

एकदा ऐन हंगामात बाई आमच्या कार्यालयात आल्या. आधी फोन नाही, चिठ्ठी नाही. कामासाठी आलेल्या लोकांच्या बाकावर रांगेत बसून होत्या. मी त्यांना आत न्यायला गेलो तर म्हणाल्या, “माझा नंबर येऊ दे.”

ऊसतोड कामगारांच्या नोंदणीचं एक विधेयक येणार होतं. बाईंनी मसुदा मिळवून वाचला होता. त्यातल्या एका कलमात नोंद ‘कुटुंबप्रमुखाच्या नावे’ होईल, असं होतं. बाईंनी ते कलम साहेबांपुढं ठेवलं.

साहेब हसून म्हणाले, “बाई, तुमच्यासारखी जाणती माणसं आहेत म्हणून समाज टिकलाय बघा.”

“कौतुक राहू द्या साहेब. तुम्ही हे कलम वाचलंय का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. साहेब तसे मनाचे वाईट नाहीत. खरं बोलले, “न्हाई वाचलं.” मग जरा सावरून म्हणाले, “पण मला लोकांकडून आलं पाहिजे. माझ्या मतदारसंघातून कागद आले तर मी उभा राहून दुरुस्ती मांडीन. नुसतं हवेत कसं बोलू?”

बाईंना ते एकदम पटलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “बरोबर बोलला. मी काही त्याची मतदार नाही, माझ्या पत्राला वजन नाही. ज्यांची मतं आहेत त्यांनी लिहायचं. अरे, लोक आमदाराला लग्नाला बोलावतात, दहाव्याला बोलावतात, ट्रान्सफॉर्मर जळला की बोलावतात. तो ज्यासाठी निवडलाय तो कायदा, त्यासाठी त्याला कुणी हाक मारत नाही. मग त्यालाही विसरायला होतं.”

मग रसवंतीत बसून दोघांनी रस घेतला. बाईंनी माझ्या मुलीची चौकशी केली. उठताना म्हणाल्या, “तू तिथं आहेस म्हणून मला धीर आहे, दत्ता.”

त्याच हंगामाच्या शेवटी साहेबांच्या नात्यातल्या लग्नाला मी श्रीरामपूरला गेलो होतो. बाई मला कोप्यांवर घेऊन गेल्या. बाया नुकत्या फडातून आल्या होत्या. चुली पेटत होत्या, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या एका कडेला रचलेल्या. बाई उपड्या घमेल्यावर बसल्या. कांता हात धुऊन आली. वेण्या नव्हत्या, पण आवाज तोच.

“काय रं दत्त्या, सायब झाला म्हनं!”

“साहेब कसला. साहेबांची कागदं सांभाळतो.”

“सांबाळतो का वाळवीला घालतो?”

सगळ्या हसल्या. बाई पण हसल्या. मग एकेकीला कागद दिला.

तो तास मी विसरू शकत नाही. एका म्हातारीनं सुरुवात सांगितली, “मायबाप आमदार सायब...” बाईंनी तिला थांबवलं. “तो तुमचा बाप आहे का?”

“न्हाई. माजा बाप लई बरा हुता.”

“मग बापाला मागतो तसं मागायचं नाही. काम सांगायचं. मी तुमची मतदार, अमुक गावची, एवढं पुरे.”

दुसरी म्हणाली, “मला लिवता येत न्हाई. कांताच्या कागदावर माजा बी अंगठा घ्या, एकातच भागवा.” बाई म्हणाल्या, “एकात भागवायचं नाही म्हणूनच तर बसलोय ना? तू सांग, कांता लिहील. पण कागद तुझा, नाव तुझं, तुझ्यावर काय बेतलं ते तुझं.” मग ती बाई बोलायला लागली. बाळंतपणाच्या आदल्या दिवशीपर्यंत तिनं मोळ्या वाहिल्या होत्या. कांता खाली मान घालून लिहीत होती.

पत्त्यावरून एकीनं विचारलं, नगर लिहायचं का अहिल्यानगर? बाई म्हणाल्या, “बोलताना जे तोंडात येईल ते म्हण. पाकिटावर सरकारी नाव लिही. पोस्टमनशी वाद घालायचा नाही.”

कांतानं स्वतःचं पत्र सगळ्यांत शेवटी लिहिलं. कोयता धरून धरून बोटं वळत नव्हती, पेन मुठीत धरल्यासारखा धरला होता. लिहून झाल्यावर तिनं ते वाचून दाखवलं. माझी जाऊ ट्रॉलीवर मोळ्या चढवताना पडून मेली. मुकादमाच्या कागदावर तिच्या नवऱ्याचं नाव आहे, तिचं नाही, म्हणून ती कामावर नव्हती असं आम्हाला सांगितलं. ती कामावर नव्हती तर ट्रॉलीवर काय करत होती? कायद्यात ‘कुटुंबप्रमुख’ काढून ‘प्रत्येक कामगार बाई व पुरुष’ असं घाला. तशी दुरुस्ती आपण मांडाल का, हे मला माझ्या नावानं लिहून कळवा.

बाईंनी ते पत्र हातात घेतलं. लाल पेन त्यांच्या पदराला खोचलेलाच होता. तो त्यांनी काढला नाही. एवढंच म्हणाल्या, “यातलं काही बदलू नकोस.”

पत्रं टपालानं आली. प्रत्येकीचं पाकीट वेगळं. अधिवेशन तोंडावर होतं, टेबलावर कागदांचा डोंगर होता, साहेबांचा फोन सारखा वाजत होता. पण ही कारणं मी स्वतःला सांगतो, ती खरी नाहीत. खरं असं आहे की मी पाकिटं फोडली, गाव एक, विषय एक, टोळी एक हे पाहिलं, आणि आमच्या आवक नोंदीत एकच ओळ लिहिली. टोळीच्या मुकादमाचं नाव, आणि पुढं ‘व इतर’. हात थबकला नाही. लहानपणापासून आमची माणसं अशीच मोजली जाताना पाहिली होती. टोळी मुकादमाची असते, बाई कोयत्यात असते. मला मुद्दाम काही दडवायचं नव्हतं. वाईट हेतू असता तर कदाचित मी क्षणभर तरी विचार केला असता.

साहेबांनी विचारलं, “त्या बाईंचे कागद आले का रं?”

मी म्हणालो, “एक निवेदन आलंय साहेब. टोळीचं.”

“एकच?” साहेब म्हणाले. “मग राहू दे.”

विधेयक होतं तसं मंजूर झालं. साहेबांनी हात वर केला. दुरुस्ती कुणी मांडली नाही.

त्यानंतर आमच्या पद्धतीप्रमाणे नोंदीतल्या नावावर उत्तर गेलं. नोंदीत नाव मुकादमाचं, म्हणून पाकीट मुकादमाच्या घरी गेलं. आपले व आपल्या टोळीतील महिलांचे कायद्यातील दुरुस्तीबाबतचे निवेदन प्राप्त झाले, योग्य ते लक्ष घालण्यात येईल. खाली सही साहेबांची, मजकूर माझा.

मुकादमानं ते पारावर बसून वाचून दाखवलं. बायांचे नवरे तिथंच होते. पुढं घराघरांत काय झालं ते मला थोडं कळलं, सगळं कळून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. कांताच्या कोयत्याला मुकादमानं त्या वर्षी टोळीत घेतलं नाही. तिला आणि तिच्या नवऱ्याला कर्नाटकात जाणाऱ्या अनोळखी टोळीत नाव द्यावं लागलं. आणि वाडीतल्या बाया एकच गोष्ट धरून बसल्या. मुकादमापर्यंत हे गेलं कसं? कागद तर टपालात टाकायला बाईंनीच नेले होते. म्हणजे बाईंनीच ते त्याच्या हातात दिले. बाईंनी घात केला.

बाईंना हे वाडीतल्याच एका पोरीनं फोनवर सुनावलं. बाईंनी मला बोलावून घेतलं.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. छातीचं जुनं दुखणं वाढलं होतं, दोन वाक्यांनंतर थांबावं लागायचं. मी चपला काढल्या आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. नोंद, साहेबांचा प्रश्न, उत्तराचं पाकीट. बाई ऐकत होत्या. रागावतील, निदान रडतील असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं, “कांताचं पत्र साहेबांनी वाचलं?”

“नाही.”

“तू वाचलंस?”

“तिथं ऐकलं होतं... म्हणून पुन्हा नाही वाचलं.”

मग म्हणाल्या, “बस.” मी बसलो. त्यांनी मला चहा करायला सांगितला. कपात बोटं गुंडाळून धरली, प्यायला मात्र नाही.

“माझं काय, मी म्हातारी आहे,” त्या म्हणाल्या. “मला वाईट म्हणू देत. पण त्यांना वाटतंय की पत्र लिहिलं म्हणून मार बसला. त्या पुन्हा कधी लिहिणार नाहीत. त्यांच्या मुलीही नाही. तू ये वाडीवर. टोळ्या निघायच्या आधी ये. तुमची पत्रं पोचली होती, प्रत्येकीचं वेगळं पोचलं होतं, चूक पत्राची नाही, माझ्या नोंदीची आहे, एवढं सांग. मी सांगून त्यांना पटणार नाही. तू सांगितलंस तर पटेल.”

“येतो बाई,” मी म्हणालो. “नक्की येतो.”

“ट्रक निघायच्या दिवशी सगळ्या एका ठिकाणी सापडतात. फाट्यावर. मी येते सकाळच्या गाडीनं.”

“तुम्ही कशाला? तब्येत...”

“मी येते,” बाई म्हणाल्या.

त्या हिवाळ्यातच बाई वारल्या. दफनाला मी गेलो होतो, मागच्या रांगेत उभा राहिलो. वाडीतलं कुणी नव्हतं, सगळे उसात होते. कांताला कुणी कळवलं की नाही, मला माहीत नाही. मी कळवलं नाही. आजही मी त्याच खुर्चीवर बसतो. आता प्रत्येक पाकिटाची वेगळी नोंद करतो, कुणी विचारलं नाही तरी करतो, आणि त्यानं कुणाचं काही भरून येत नाही हे मला कळतं.

पण मला आठवतात त्या बाई फाट्यावरच्या.

त्याआधी, ट्रक निघायच्या दिवशी, साहेबांना कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाला जायचं होतं. मी आदल्या दिवशी सुट्टी मागणार होतो. मागितली नाही. काय कारण सांगणार होतो? सकाळी गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलो, मागं साहेब. रस्ता त्याच फाट्यावरून जातो. मी मनाशी ठरवलं होतं, तिथं पोचलो की साहेबांना म्हणायचं, पाच मिनिटं थांबा. तेवढं म्हणायचं होतं.

फाट्यावर ट्रक भरत होते. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्यांचे डाले, वर बाया आणि पोरं. कर्नाटकात जाणारा ट्रक थोडा बाजूला होता. त्याच्या फळीपाशी बाई उभ्या होत्या, मान वर करून कुणाशी तरी बोलत होत्या. वर कांता होती. तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. बाकीच्या ट्रकांवरच्या बायाही तिकडे बघत नव्हत्या. बाई तरी बोलतच होत्या, आणि बोलता बोलता मध्येच रस्त्याकडे वळून पाहत होत्या.

त्यांना गाडी दिसली. नंबर त्यांना पाठ होता. त्या रस्त्याच्या कडेला आल्या, पुढच्या काचेतून मला पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. मागं वळून त्यांनी वर ट्रककडे हात केला, आला बघा, असा.

“केवढी गर्दी केलीय,” साहेब म्हणाले. “उशीर होतोय रं.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी काही बोललो नाही.

गाडीचा वेग कमी होत नाही हे बाईंच्या लक्षात आलं. एक लहान पोरगं खेळत खेळत रस्त्यावर आलं होतं. बाई वाकल्या, त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि आपल्या अंगाशी घट्ट धरून उभ्या राहिल्या, आमची गाडी जाईपर्यंत.